गंगारामचा नंबर

भर दुपारी, सगळं ऑफिस जेवून पेंगत असताना, "गंगाराम मेला!" अशी आरोळी ठोकणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्याकडे आहे. बिराजदार त्याचं नाव.

दचकू नका, गंगाराम माणूस नव्हे. एका प्रोग्रॅमच्या पोटात एकाच वेळी अनेक कामं चालू असतात. असं एकेक काम ओढणाऱ्याला आम्ही थ्रेड म्हणतो आणि कॉम्प्युटर प्रत्येकाला एक नंबर देतो. साऱ्या जगाला तो नंबर पुरतो, बिराजदारांना पुरत नाही. "नंबर तर कैद्याला पण असतो, ताई," म्हणतात आणि थ्रेडांना नावं ठेवतात. गंगाराम, भीमाबाई, आणि एक सारखा अडकणारा, त्याचं नाव हौला. हौला म्हणजे हैदराबादेत बावळट.

बिराजदार हैदराबादच्या तारनाक्याचे, तीन पिढ्या इथल्याच. मी पुण्याची, आणि त्यांची साहेबीण. पहिल्या आठवड्यात त्यांच्या मराठीनं माझं डोकं उठलं होतं. "नक्को परेशान होऊ, ताई. होतंय की!" हे वाक्य ते छपराला आग लागली तरी म्हणतील. शिवाय माणूस सॉफ्टवेअरमधला, पण खिशात फोन दोन. एक बरा आणि एक जुना, बटणांचा. तो कधी वाजलेला कुणी ऐकला नाही, तरी रोज सकाळी आल्या आल्या तो आधी चार्जिंगला लागायचा. ऑफिसातल्या पोरींनी त्यावरून काय काय कुजबुज केली, ती इथे सांगत नाही.

तर झालं असं. लॅबचे रिपोर्ट छापणारा आमचा प्रोग्रॅम विंडोजवर वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदत होता. तो लिनक्सवर न्यायचं ठरलं आणि माशी शिंकली. चाचणीच्या वेळी एका आजोबांच्या रिपोर्टवर छापून आलं, 'गर्भ सुस्थितीत'. गिऱ्हाईक भडकलं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर गाशा गुंडाळा! माझी झोप उडाली. बिराजदार आपले स्क्रीनला नाक लावून थ्रेडांची हजेरी घेत बसलेले. आठवडे गेले, जेवणाचा डबा तसाच परत जायला लागला.

आणि मुदतीच्या दोन दिवस आधी, बुधवारी, ती आरोळी. "गंगाराम मेला! मेला तरी परत कामावर आला!"

एच.आर.ची लावण्या धावत आली. "सार, घर में कौन गुजर गया?" बिराजदार तंद्रीत. "गंगाराम," म्हणाले. पाच मिनिटांत गंगारामच्या आत्म्यास शांती लाभो अशी मेल सगळ्यांना गेली. कॅन्टीनवाल्यानं तर बिराजदारांच्या पुढ्यातला समोसा उचलून नेला, सुतकात तळलेलं नको म्हणून.

"अरे, माझा समोसा!" बिराजदार भानावर आले. मग त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. आमचा प्रोग्रॅम कामाचे कागद थ्रेडच्या नंबरावर ठेवायचा. विंडोजवर मेलेल्या थ्रेडचा हात आपण धरून ठेवत होतो, म्हणजे त्याची नोंद पुसू देत नव्हतो, म्हणून त्याचा नंबर दुसऱ्याला जात नव्हता. लिनक्सवर नेताना आपण तो हात सोडला. गंगाराम संपला की त्याचा नंबर लगेच नव्या थ्रेडला, आणि नंबराबरोबर गंगारामचे उरलेले कागदही, आधीच्या कुणा गरोदर बाईचे, त्याच्याच गळ्यात. नवा बिचारा आजोबांना गरोदर करून मोकळा!

"मेलेल्याचे कागद आवरल्याबिगर नंबर सोडायचा नाही," बिराजदार म्हणाले. "बस्स, एवढंच."

दुरुस्ती केली, चाचणी घेतली. आजोबा पुन्हा आजोबा झाले. मी आनंदानं टाळी वाजवली आणि बघते तर बिराजदारांचा चेहरा पांढराफटक. बटणांचा फोन त्यांनी माझ्यापुढे धरला.

"ताई, याचा रिचार्ज. या गंगारामच्या नादात तारीख निघून गेली हो."

"मग आता करा की फोनवरून."

"घेत नाही. नंबर बंद दाखवतोय."

"नवा घ्या मग! एवढं काय त्यात?"

"सुमनचा आहे," ते म्हणाले. "माझी बायको. तीन वर्षं झाली तिला जाऊन. उद्या हा नंबर दुसऱ्याला गेला, मी लावला, आणि कोणी पोट्टा हॅलो म्हणाला तर?"

तीन वर्षं! म्हणजे मी इथे यायच्या आधीपासून. आम्ही गंगारामसाठी मेल पाठवली आणि या बाईचं नावसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. मी गाडीची किल्ली उचलली.

चिक्कडपल्लीत त्यांचं ठरलेलं दुकान होतं. सुमनताई तिथूनच रिचार्ज करायच्या म्हणे. दुकानदारानं कंपनीला फोन लावला, मान हलवली, पुन्हा लावला. बिराजदार काउंटर घट्ट धरून उभे. शेवटी तो हसला. "बच गया, चाचा. अभी किसी को नै दिया."

रिचार्ज होऊन नंबर चालू झाला, तशी पायरीवर येऊन बिराजदारांनी बऱ्या फोनवरून तो नंबर लावला. त्यांच्याच खिशात बटणांचा फोन खणखणायला लागला. ते नुसते ऐकत राहिले. मला राहवेना. "अहो, उचला की!"

"उचलला तर माझाच आवाज येईल, ताई," ते म्हणाले. "वाजू द्या. वाजतोय तोवर वाटतं, ती स्वयंपाकघरात आहे, तिचे हात पिठात आहेत."

माझे डोळे भरून आले. फोन वाजायचा थांबेपर्यंत आम्ही दोघं त्या पायरीवर उभे राहिलो.