रजईतलं रेकॉर्डिंग

जिंकण्यापेक्षा जिंकल्याचा पुरावा मोठा असतो. अमरावतीच्या व्हिडिओ गेम स्पर्धा समितीने हे वेळीच ओळखलं, हे तिचं थोरपण. (समितीत गेम खेळता येणारं कोणीच नव्हतं, त्यामुळे निःपक्षपातीपणाची पक्की हमी होती.) अंतिम फेरी गाठायची तर घरच्या टीव्हीवर जिंकलेला अख्खा डाव कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून पाठवणं बंधनकारक होतं.

अकोल्याचा मुजम्मिल जिंकण्यात पटाईत, पंचाईत रेकॉर्डिंगची. कन्सोलचं चित्र कॉम्प्युटरात उतरवणारं कॅप्चर कार्ड त्याच्याकडे नव्हतं आणि वडिलांपुढे विषय काढायची सोय नव्हती. वडील रऊफभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान. पण त्या वर्षांत कापूस पिकवणारेच जुन्या गादीवर भागवून राहिले होते, आणि माल दुकानात थप्पीने पडून होता.

"घाबरतं काहून बे," दोस्त शिवम म्हणाला. "लॅपटॉप टीव्हीसमोर ठेव अन् त्याचाच कॅमेरा चालू कर."

उपाय फुकटचा, म्हणून अडचणी दोनच. खिडकीचा उजेड टीव्हीच्या काचेवर चमकायचा आणि कूलर गेमपेक्षा मोठ्याने बोलायचा. (वऱ्हाडात मे महिन्यात दर दहा घरांत अकरा कूलर असतात, अकरावा शेजाऱ्याचा, तो आपल्याच कानात चालतो.) घरच्या धंद्याला जागून मुजम्मिलने टीव्ही, लॅपटॉप आणि स्वतः, तिघांवर रजयांचा तंबू ठोकला आणि कूलर बंद केला.

बाहेर पारा शेहेचाळीसवर होता. आतला आकडा पाऱ्यानेही विचारला नाही. "मर जाएगा इसमें," म्हणत आई हाजराबी आत शिरली, टीव्हीच्या कडेला टेकून लेकाकडे तोंड करून बसली आणि हातपंख्याने वारा घालू लागली. मुजम्मिल जन्मात खेळला नव्हता तसा खेळला आणि जिंकला. त्याला रडू आलं, पण घामात ते खपून गेलं.

आता, लॅपटॉपचा कॅमेरा फार संस्कारी असतो. समोर माणसाचा चेहरा दिसला की तो त्याचीच काळजी घेतो, मागचं जग पांढरं पडलं तरी बेहत्तर. समितीचं उत्तर आलं: "टीव्हीच्या जागी केवळ पांढरा चौकोन दिसतो. सबब प्रवेश नाकारण्यात येत आहे. आपल्या मातोश्रींना समितीने दोनदा पाहिले. त्यांना नमस्कार."

व्हिडिओ मोहल्लाभर फिरला. बाया हाजराबीला पंखा कुठून घेतला ते विचारू लागल्या.

"अबे, मी जिंकलो होतो," मुजम्मिल म्हणाला.

"हो ना बे," शिवम म्हणाला. "पण मायनं वारा काय घातला तुले!"

मुजम्मिलला सगळ्यांचाच राग आला. समिती, मोहल्ला, दोस्त. एकानेही विचारलं नाही, की पोरा, तू खेळत तरी काय होतास?

तुम्हीही नाही विचारलंत.