शेरा : उडाला

आमच्या दाना ओली गल्लीतले नाना थंडी सुरू झाली की कुजबुजत बोलतात. दिवाळीनंतर आवाज खाली जातो, तो होळीलाच वर येतो. मोठ्यानं बोललं की पक्षी बिचकतात, असं त्यांचं म्हणणं. पण पक्षी असतात तिघऱ्याच्या धरणावर आणि नाना कुजबुजतात टोपी बाजारात. तिथला कागदवाला दर वेळी पुढे वाकून विचारतो, "बाबूजी, गला फिर बैठ गया?" आणि ज्येष्ठमधाची काडी हातावर ठेवतो. नाना नको म्हणत नाहीत. घरी काड्यांचा एक डबा भरलाय. दूधवाला तर त्यांच्यासमोर आपोआप कुजबुजायला लागतो. दोघं जिन्यात उभे असले की चोरीच्या मालाची वाटणी चाललीय असं वाटतं.

मी त्यांच्या खालच्या खोलीत राहते आणि त्यांच्या पोळ्या करते. नाना सत्तरी ओलांडलेले, सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. माझ्याहून तीस वर्षांनी मोठे आहेत, तरी मला 'तुम्ही' म्हणतात.

हिवाळ्यात धरणावर थंड मुलखातली बदकं उतरतात. नानांनी काठावर बांबू, पोती आणि वाळलेलं गवत लावून एक खोपटं केलंय. त्याला ते 'लपण' म्हणतात. आत बसायला दोन वेताचे मोढे, समोरच्या पोत्याला एक भोक. भोकातून पक्षी बघायचे आणि पेन्सिलीनं त्यांची चित्रं काढायची. नोकरी लागल्यापासून हेच.

काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, होत्या साताऱ्याकडच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात नाना धरणावरून उशिरा आले आणि म्हणाले, "आज चकवा दिसला." इथल्या हिंदीत चकवा म्हणजे नारंगी रंगाचं बदक. काकूंच्या गावी चकवा म्हणजे माणसाला वाट चुकवून गोल गोल फिरवणारं भूत. काकूंनी त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि त्यानंतर धरणावर कधी एकटं जाऊ दिलं नाही. ते बदक आहे हे कळल्यावरही नाही.

दुसरा मोढा त्यांचा. त्या लपणात बसून स्वेटर विणायच्या आणि बोलायच्या. पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं बोलायच्या. नाना म्हणायचे "हळू", तोवर पक्षी गेलेले असायचे. म्हणून नानांच्या जुन्या वह्यांत एकही पक्षी बसलेला नाही. सगळे उडताना, तेही मागून. प्रत्येक चित्राखाली खात्यातल्या सवयीनं शेरा. 'चकवा, नर. उडाला. कारण : भरली वांगी.' 'बगळे तीन. उडाले. कारण : नणंदेचं लग्न.' एका पानावर नुसतं पाणी आहे. 'सर्व उडाले. कारण : हसली.'

गेल्या पावसाळ्यात काकू वारल्या.

त्यानंतर एकदा नाना कागद आणायला टोपी बाजारात निघाले आणि तीन तासांनी भलत्याच बाजूनं, शिंदे की छावनीकडून परत आले, रिकाम्या हातानं. त्यांनीच सांगितलं, "चकवा लागला." काकूंच्या अर्थानं हा शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला.

थंडी पडली तसा त्यांच्या मुलीचा इंदूरहून मला फोन आला. बाबांना खोकला आहे, धरणावर एकटं पाठवू नका म्हणाली. मी कुणाशी फारशी बोलत नाही, म्हणून नानाही लगेच तयार झाले. "तुम्ही चालाल. तुमच्यानं चिमणीसुद्धा उडणार नाही."

खरंच उडाली नाही. दर रविवारी आम्ही रिक्षानं जायचो. दाट धुकं, पोत्यातून घुसणारा वारा, आणि मी गप्प. दुसऱ्या मोढ्यावर मी बसले नाही, खाली गोणपाटावर बसायची. मोढ्यावर आम्ही डबा ठेवायचो. पक्षी इतके जवळ यायचे की चोचीवरचा चिखल दिसायचा. नानांना जन्मभर हेच हवं होतं. पण पेन्सिल हातात तशीच राहायची. महिना गेला, वही कोरी.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी ते म्हणाले, आज काही जमलं नाही तर लपण मोडू आणि वह्या रद्दीत देऊ. उद्या दोन पोळ्या कमी करा म्हणावं, इतक्या सहज म्हणाले.

थोड्या वेळानं चकव्यांची जोडी अगदी समोर येऊन बसली. दहा हातांवर. नाना बघत राहिले. मग त्यांनी पेन्सिल पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

मला चार माणसांत तोंड उघडवत नाही. पण ते झाकण मला बघवेना. मी म्हणाले, "यंदा माझे तिळाचे लाडू बिघडले." आवाज घोगराच आला. चकव्यानं मान वर केली. मग मी आणखी मोठ्यानं सांगितलं की चिक्कीचा गूळ इथे मिळतच नाही, पाक कच्चा राहिला, लाडू ताटात पसरून बसले, आणि ते बघून माझी धाकटी जाऊ म्हणाली –

दोन्ही चकवे उडाले. त्यांच्यामागे अख्खं पाणीच उठल्यासारखं झालं.

"हळू बोल की गं," नाना ओरडले. काठावर उरलेले दोन बगळे त्या ओरडण्यानं गेले.

ते माझ्याकडे बघत नव्हते. पेटी उघडी होती आणि पेन्सिल कागदावर पळत होती. पंख, मागे ताणलेले पाय, शेपटी. मी अंग चोरून बसले होते. चित्र झालं तसं त्यांनी खाली लिहिलं, 'चकवे, जोडी. उडाले. कारण :' आणि तिथे थांबून मान वर केली. मोढ्यावरचा डबा उचलून खाली ठेवला.

"इथे वर बसा," ते कुजबुजले. "पुढे सांगा. जाऊ काय म्हणाली?"