गैरहजर जखमीची जागा

आपत्तीच्या वेळी सर्व रुग्णालयांनी एक होऊन काम करावे, म्हणून विभागीय समन्वय समितीने जालना जिल्ह्यात रंगीत तालीम ठेवली. विषय होता बस अपघात. त्याच सकाळी वडीगोद्रीत माझी बायको चांगुणा हिच्या छातीत कळ आली. तिने समितीला विचारले नव्हते.

रुग्णवाहिका सगळ्या तालमीत होत्या. शेजारच्या पाशामियाँनी टेम्पो काढला. वाटेतल्या दवाखान्याने सांगितले, खाटा तालमीसाठी राखीव आहेत. जालन्यातल्या पहिल्या दवाखान्याने तेच सांगितले, दुसऱ्यानेही तेच, त्याच शब्दांत. इतका समन्वय मी आधी कधी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दवाखान्यात खाटांवर कॉलेजची मुलं लाल रंग लावून कण्हत होती.

"साहेब, ही बाई खरीच बिमार आहे. जल्दी बघा," पाशामियाँ म्हणाले.

"खऱ्यांनी उद्या यायचं," समन्वय अधिकारी म्हणाले. "आज खरे घेतले तर तालीम बिघडते."

मी पाया पडलो. त्यांना दया आली. एक जखमी गैरहजर होता, त्याची जागा त्यांनी चांगुणाला दिली. त्या जखमीचा डावा पाय मोडलेला होता. डॉक्टर धावत आले आणि तिच्या डाव्या पायाला फळी बांधू लागले.

"डॉक्टरसाहेब, पाय न्हाई हो, छाती दुखून राह्यली."

"मावशी, छातीवाले पलीकडच्या वॉर्डात. तिथले सगळे हजर आहेत."

"अहो, तुम्ही तरी सांगा की ह्यांना!" ती मला म्हणाली.

मी सांगितले. अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतले. "जागा मिळाली ना? जास्त बोलाल तर तीही जाईल."

मंग मी तिचा पाय धरून ठेवला.

फळी फार सुबक बांधली. थोड्या वेळाने ती कण्हायची थांबली. डॉक्टरांनी 'उपचाराने आराम' असे लिहिले. आराखड्यात मृत्यू शून्य होते, त्यामुळे नाडी कुणी पाहिली नाही.

शिट्टी वाजली. जखमी उठून जेवायला निघाले. शेजारच्या खाटेवरच्या मुलीने चांगुणाला हलवले. "मावशी, उठा, संपलं. पुऱ्या गार होतील."

ती उठली नाही.

"किती खरं करतात ह्या!" तालीम बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणाले आणि टाळ्या सुरू झाल्या.

"अहो, गेली ती!" मी ओरडलो. टाळ्या वाढल्या. नवऱ्याचे कामही लोकांना आवडले.

त्याचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला. तुमच्याकडेही आला असेल. तुम्ही हसलात, की नुसताच पुढे पाठवला?