ठेवायचे की टाकायचे

एका जंगलात प्राण्यांची एक मंडळी भरत असे. दर रविवारी, जांभळीखाली. मुलांनो, नीट बसा. मी एकदाच सांगणार.

मंडळीचे पाळक होते करकोचा पौलसराव. पाय लांब, उपदेश त्याहून लांब. एका रविवारी ते म्हणाले, "डोंगरावरच्या मालकांचा निरोप आलाय. चार दिवसांत पूर येणार. मग एक होडी येईल. ती ज्यांना नेणार ते सहा जण मालकांनी जग होण्याआधीच निवडलेत."

त्यांनी नावे वाचली. पहिले शमशोन गव्याचे. दुसरे देमास कोल्ह्याचे. रानकोंबडी तबीथाचे नव्हते. तिला पाच पिल्ले. एकालाही उडता येत नव्हते.

"साहेब, मला का नाही निवडलं?" तबीथाने विचारले.

"मालकांची मर्जी."

"मग शमशोनदादांना का?"

"मी चांगला वागणार, हे मालकांना आधीच ठाऊक होतं," गवा म्हणाला.

"काल तुम्ही माझं घरटं तुडवलंत."

"तेही ठाऊक होतं. तरी निवडलं. आता बोल."

त्या दिवसापासून निवडलेले वेगळे बसू लागले. कोल्ह्याने प्रार्थना बंद केली. म्हणाला, नाव लागलंय, आता घसा कशाला सुकवू.

चौथ्या दिवशी पाणी जांभळीच्या मुळाशी आले. पाळक सोडले तर, ज्यांना उडता येत होते ते कधीच उडाले होते. तबीथा पिल्ले घेऊन पाळकांपुढे उभी राहिली.

"साहेब, एक शंका. निवडलं म्हणजे ठेवायला की टाकायला?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मी गावात दाणे टिपायला जाते. तिथली बाई तांदूळ निवडते. उचलते ते खडे. उचलते आणि फेकते. तांदूळ सुपातच राहतात."

पौलसरावांनी निरोप पुन्हा वाचला. सहा जण निवडले आहेत, होडी घेऊन जाईल. कुठे, ते लिहिले नव्हते.

कोल्हा खाकरला. "तबीथाबाई, मी तसा फार पापी. माझी जागा तू घे."

"माझी एका पिल्लाला," गवा म्हणाला. "लेकरांसाठी एवढं करायलाच हवं."

बाकीच्या चौघांनाही एकदम लेकरांचा कळवळा आला. सहा नावे खोडली, सहा लिहिली.

"तुला भीती नाही वाटत?" पाळकांनी हळूच विचारले.

"वाटते. पण इथे पिल्लं बुडणार, हे नक्की. तिथलं निदान माहीत नाही."

होडी आली. नावाडी पाणमांजर होते. होडी एवढीशी. तिच्यात कोरडे गवत अंथरले होते. कोपऱ्यात कणी ठेवली होती, पिल्लांच्या चोचीत मावेल अशी बारीक.

कणी पाहून गव्याचा चेहरा उतरला. "ती जागा माझी होती."

"दादा, तू यात मावणार होतास का?" पाणमांजराने विचारले.

"मग माझं नाव का लिहिलं?"

"तू ते सोडणार, हे मालकांना ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, तर सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू सोडलं नसतंस. मग त्यांना ठाऊक होतं ते खोटं पडलं असतं."

एवढे बोलून त्याने होडी लोटली. पिल्ले कणी टिपत होती. तबीथाने मागे वळून पाहिले नाही.

उरलेले टेकाडावर चढले. पाणी गव्याच्या छातीला लागले. कोल्हा त्याच्या पाठीवर बसला. पौलसराव लांब पायांवर उभे होतेच.

"साहेब," कोल्हा म्हणाला, "आम्ही सोडणार म्हणून त्यांना ठाऊक होतं, की त्यांना ठाऊक होतं म्हणून आम्ही सोडलं?"

पौलसरावांनी पाण्याकडे पाहिले. "यावर रविवारी सविस्तर बोलू," ते म्हणाले. "पोहता येत असेल त्यांनी यावं."

तात्पर्य: मरणाच्या दारात दुसऱ्याला पुढे ढकलू नये. चुकून ते दार तारणाचे निघते.