गळलं की आवळ

आमच्या शेजारचे व्यंकटकाका रोज सकाळी चहाच्या आधी ऑईल हुंगतात. गाडीखाली पुठ्ठा सरकवलेला असतो. लुंगी सावरत ते उकिडवे बसतात, रात्रीतून पडलेल्या थेंबाला बोट लावतात, अंगठ्याशी चोळतात, नाकाशी नेतात आणि कुणी विचारलेलं नसतानाही निकाल सांगतात, "इंजिनचंच हाय. कालचंच."

काकांची सगळी नोकरी लातूरच्या एका तेल गिरणीत गेली. करडी, शेंगदाणा, सोयाबीन, सगळं ते बोटावर ओळखतात. आमच्याकडे एकदा जेवायला आले, तेव्हा पहिल्याच घासाला म्हणाले, "ताई, भाजी लई ब्येस. पण दुकानदारानं सूर्यफूल म्हणून पामतेल दिलंय तुम्हाला." मी दुकान बदललं.

गिरणीत तेल गाळायचा प्रेस असतो. लोखंडी प्लेटा एकमेकींना लावून स्क्रूनं दाबायच्या आणि कडेनं तेल पाझरू लागलं, की स्क्रू आणखी फिरवायचा. काकांनी त्यातून आयुष्याचा नियमच काढला : गळलं की आवळ. आमच्या टाकीचा नळ त्यांनी एकदा असा आवळला, की प्लंबरला भिंत फोडावी लागली. "पण गळायचा थांबला का न्हाई?" काकांनी विचारलं. थांबला होता. पाणीही थांबलं होतं.

गाडी जुनी. गोल बोनेट, सोफ्यासारखी सीट. गिरणीच्या मालकांनी नवी घेतली, तेव्हा ही काकांनी विकत घेतली. काका एकटेच राहतात, लग्न केलं नाही. थोरली बहीण नांदेडला, तिला ते अक्का म्हणतात. दर भाऊबीजेला गाडी पुसूनपासून नांदेडला जायचं, हा त्यांचा नेम.

गेल्या दिवाळीत तो मोडायची वेळ आली. अक्कांच्या मुलानं अंगणात पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या. काकांची गाडी आत शिरली, तसा हा भाचा धावत आला आणि तिच्याखाली घमेलं सरकवून गेला.

"माझ्या गाडीखाली घमेलं!" काका अजूनही भेटेल त्याला सांगतात. निघताना त्यांनी जाहीर केलं, की गळायचं थांबेपर्यंत या दारात पाऊल टाकणार नाही. त्यानंतर वर्षभर गेले नाहीत. राखी टपालानं आली. अक्का मलाच फोन करायच्या, "ताई, थांबलं का हो गळायचं?"

वर्षभरात तीन मिस्त्री झाले. तिघांनीही इंजिनच्या तळाचं पॅकिंग बदललं, कारण थेंब तळाला दिसत होता. थेंब पडतच राहिला. दसरा उलटला, तेव्हा मी म्हणाले, "काका, भाड्याची गाडी करून जा."

"भाऊबीजेला भाड्याची गाडी? मंग भाऊ बी भाड्यानंच पाठवतो की!"

शेवटी हे काम मी हातात घेतलं. कामाचे तुकडे पाडले, की कुठलंही काम निम्मं होतं. धुणे, वाळवणे, पावडर मारणे, बघणे. इंजिन कोरडं करून त्यावर पावडर मारली, की गळती जिथून सुरू होते तिथे ती काळी पडते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. लहान बाळांची पावडर आणायला काका गेले. दुकानदारानं विचारलं, "कुणाला काय झालं, मुलगा का मुलगी?" काका म्हणाले, "इंजिनला आणलीय."

रविवारी सकाळी डिझेलनं इंजिन धुतलं, पुसलं, उन्हात वाळवलं. पावडर मारून गाडी चालू केली. पंख्यानं निम्मी पावडर काकांच्या मिशीवर उडवली. थोड्या वेळानं गाडी बंद केली. मी पर्समधला आरसा काढला, काकांनी उजेडाला बॅटरी धरली. तळ पांढराशुभ्र! पण इंजिनच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या मागच्या कडेपासून एक काळी ओली रेघ थेट खाली आली होती. ऑईल दिसत होतं तळाला, गळत होतं डोक्यावरून.

झाकण उघडलं. आतलं कॉर्कचं पॅकिंग चेंगरून बाहेर आलेलं, पत्र्याची कड तळलेल्या पापडासारखी वाकडी.

"हे इतकं कुणी आवळलं?" मी विचारलं.

काका बॅटरी बंद करत म्हणाले, "मीच. दिसंल तो स्क्रू, दर रविवारी."

"दर रविवारी?"

"गळायलं होतं ना!"

"काका, तुम्ही आवळत होता म्हणून गळत होतं."

काकांनी झाकण उचललं. लाकडाच्या ठोकळ्यावर कड ठोकून सरळ केली. नवं पॅकिंग बसवलं. मी पाना जेमतेम फिरवू दिला आणि काढून घेऊन माझ्या स्वयंपाकघरात ठेवला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. काकांनी तोही हुंगला. "कायीच वास न्हाई," ते काळजीनं म्हणाले.

भाऊबीजेला मीही बरोबर निघाले. माझं माहेर नांदेडचं, आणि काकांना साक्षीदार हवा होता. अहमदपूरला उतरून त्यांनी खाली वाकून पाहिलं. लोह्यालाही पाहिलं. माझा भाऊ मला ओवाळणी घालून दुपारी अक्कांकडे सोडून गेला, तेव्हा काकांची गाडी पांढऱ्या फरशांवर उभी होती आणि काका भाच्याला म्हणत होते, "बघ. वाक की जरा. चष्मा लाव."

अक्कांनी मात्र गाडीकडे बघितलंही नाही. जेवताना त्या काकांच्या ताटाकडे बघत होत्या. "व्यंकटा, वाळलास रे," एवढंच म्हणाल्या.

ऊन कललं. मला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. भाचा मनापासून म्हणाला, "मामा, आता बरं झालं. दरवर्षी ऑईल गळून कमी व्हायचं आणि सणाची दुकानं बंद, म्हणून मुक्काम करावा लागायचा. आता उजेडात निघा, आरामात पोचताल."

 ओसरीवर अक्का हातातली सुपारी तशीच धरून बसल्या.

काका उठले. अंगणात गेले, बोनेट उघडलं, कोरड्या झाकणावरून फडकं फिरवलं. फिरवतच राहिले. मग तिथूनच, आमच्याकडे न बघता म्हणाले, "अक्का, पॅकिंग नवं हाय. एक रात थांबून बघावं लागंल."

"एका रातीत काय कळतंय?" अक्का म्हणाल्या. "चार रोज बघ."

आता दोघंही माझ्याकडे बघत होते. पॅकिंग नीट बसलं की नाही, ते गाडी थोडा वेळ चालवली की कळतं. ही तर लातूरहून आली होती.

"नव्या पॅकिंगचा भरवसा नसतो," मी म्हणाले आणि भाच्याला लातूरच्या यष्टीची वेळ विचारली.