दोहीं तीरांनीं नाकारिलेल्या मायलेकींची हकीकत

सर्वांचा जो एक धनी त्यास नमन करून, घडलें तैसें लिहितों. शके सोळाशें एकुणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरीं थोरले महाराज निपुत्रिक वारले आणि एक हिंदू, एक मुसलमान ऐशा दोघां सरदारांत राज्याचा कज्जा पडला, मग मुत्सद्दी यांणीं तोड काढिली कीं नदीचें दक्षिणतीर हिंदूंचें, उत्तरतीर मुसलमानांचें, आणि ज्यानें त्यानें आपले तीरीं जाऊन राहावें. ते समयीं दक्षिणतीरीं कसब्यांत हुसेनबी मणेरीण राहात असे. बांगड्या भरावयाचा हात ऐसा हलका कीं रडती पोरही हंसों लागे. पूर्वीं शेजारची विधवा गुरवीण बाळंतपणांत गेली आणि हुसेनबीचें तान्हें नुकतेंच गेलें होतें, तेव्हां तिनें गुरविणीची लेक अंगावर पाजून वाढविली, नांव दुर्गा ठेविलें, आणि सांजेस देवळीं दिवा लावावयास आपणच धाडीत असे.

दुर्गा उपवर जाहली तोंच ही वाटणी होऊन अंमलदार दारीं आले आणि बोलिले, "बाई, तुम्हीं पलीकडे जावें. मुलगी हिंदूची, ती येथेंच राहील." दुर्गा पुढें होऊन म्हणाली, "वाटणी केलीत, मजला पुसलेंत काय? आई जाईल तिकडे मी." आणि दोघी होडींत बसल्या. उत्तरतीरीं ठाणेदार म्हणाले, "बाई, तूं ये. पोरीनें कलमा पढावा, नाहीं तर परत जावें." हुसेनबी म्हणाली, "साहेब, जन्मभर मीं तिला हें सांगितलें नाहीं, आतां तुमच्या भयानें सांगूं?" मग नावाड्यास दया येऊन त्यानें दोघींस नदीमधील वाळूचे बेटावर उतरविलें, आणि नवरा एका धर्माचा, बायको दुसऱ्याची, ऐशीं आणखीही माणसें तेथें येऊन झोपड्या घालून राहिलीं.

पुढें श्रावणांत पूर चढला, बेट बुडों लागलें, माणसें हांका मारूं लागलीं, आणि दोहीं तीरींचे पहारेकरी, हुकूम नाहीं म्हणोन, होड्या सोडूं देईनात. तेव्हां अंमलदारांचें कुटुंब सगुणाबाई कांठीं आल्या, पदर खोचून स्वतां होडींत बसल्या आणि नावाड्यांस म्हणाल्या, "आतां सोडतां, कीं मीच वल्हें घेऊं?" मग होड्या सुटल्या. कितीएक वांचले, कितीएक वाहून गेले. मायलेकी एकमेकींस घट्ट धरून दक्षिणतीरीं उतरल्या. अंमलदार खालीं पाहोन बोलिले, "पूर ओसरे तों राहावें." बाईसाहेब म्हणाल्या, "त्या माझे घरीं राहातील. आणि पूर ओसरला कीं नाहीं, हें मी सांगेन."

तात्पर्य, तो पूर बाईसाहेबांचे मतें हुसेनबीचे हयातींत ओसरला नाहीं. परंतु बहुतांस ऐशी बाई भेटली नाहीं, तीं दोहीं तीरीं आपलीं माणसें आठवीत राहिलीं. हें कोणीं तरी लिहावें, म्हणोन लिहिलें.