ऊस खाणारा बिबट्या

जगातल्या झाडून सगळ्या जनावरांचे दात सुमेधाच्या ध्यानात राहत, पण सासूने तीनदा सांगितलेला ऊस राहत नसे, अशी विमलबाईंची तक्रार होती. संक्रांत परवावर आलेली, आणि प्राणिशास्त्र शिकवणारी सून विद्यापीठातून आली ती हातात पांढराफटक जबडा घेऊन.

"ऊस कुठाय?"

"अरे देवा! आई, विसरलेच."

"आन् ह्ये काय उचलून आणलंस?"

"तरसाच्या जबड्याचा साचा आहे. हाडं कडाकडा फोडतं हे."

"फोडू दे की. सुगडात काय घालू मी? ह्येचं दात?"

लोकांच्या घरी शोकेसमध्ये मुलांनी मिळवलेले कप असतात. या घरात शार्क, मगर आणि आता तरस, असे तीन जबडे आ वासून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची माहिती सांगायचं काम आठ वर्षांच्या ओजूकडे होतं.

"आजी, शार्क के दाँत गिरते हैं ना, तो नए आ जाते हैं. बार-बार!"

"माजं एकदाबी पडलं न्हाईत, तर नवं कशाला येत्यात?" विमलबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. वय एकाहत्तर, शाळा तिसरीपर्यंत आणि दात बत्तीसच्या बत्तीस. वरच्या पुढच्या दाताचा फक्त एक कोपरा उडालेला होता, तोही नणंदेच्या लग्नात पैज लावून सुपारी फोडताना. पैज त्यांनी जिंकली होती.

मुलाने, हेरंबने, आयटी पार्कमधूनच मोबाईलवर ऊस मागवला. तासाभरात प्लास्टिकच्या डबीतून सोललेल्या गंडेऱ्या आल्या. विमलबाईंनी डबी उघडली आणि तशीच मिटली.

"बोडका ऊस देवापुढं ठिवू? आन् परवा अकरा बायका याच्यात. मोहालीच्या, खरडच्या. घरी जाऊन म्हनतील, वाळव्याच्या बाईकडं पेरभर ऊस नव्हता!"

चंडीगढला येऊन त्यांना तीनच महिने झाले होते. हे त्यांचं इथलं पहिलं हळदीकुंकू, आणि ते असं उणं झालेलं त्यांना परवडणार नव्हतं.

ऊस शेजारीच होता. मेंदीच्या कुंपणापलीकडे इंद्रजित ब्रार यांनी मुळ्याच्या वाफ्याकडेला सहा ऊस पोसले होते. ब्रार सेक्रेटरिएटमधून निवृत्त झाले होते आणि सेक्टरच्या रहिवासी संघटनेचे अध्यक्ष होते. संक्रांतीच्या आदल्या रात्री, लोहडीच्या शेकोटीला, रसाची खीर करायची म्हणून ते रोज ऊस मोजत. मागितला असता तर त्यांनी एखादा दिलाही असता. पण विमलबाईंच्या माहेरी बारा एकर ऊस. तिथे कुणी ऊस मागत नाही, मोडतात.

लोहडीच्या दिवशी सकाळी सहाला दाट धुकं होतं. विमलबाईंनी स्वेटरवर स्वेटर चढवला, त्यावर हेरंबने लुधियानाहून आणलेलं जाडजूड ब्लँकेट डोक्यापासून गुंडाळलं आणि वाकून कुंपणातल्या फटीतून आत शिरल्या. कोयता नव्हता. त्यांना त्याची गरजही नव्हती. बसून बुडाशी दात रोवले, एक हिसडा दिला, काम झालं. दोन्ही हातांनी ब्लँकेट सावरायचं असल्यामुळे ऊस तोंडातच धरून त्या उलट्या पावली परत आल्या.

ब्लँकेटवर बिबट्याचे ठिपके होते. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय, असं त्यांना तोवर वाटत होतं.

नऊ वाजता हेरंब मोबाईल घेऊन धावत आला. "आई, बाहेर पडू नकोस! ब्रार अंकलच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसलाय!"

विमलबाईंनी पाहिलं. धुक्यात ठिपक्यांची एक बुटकी पाठ उसात घुसली, थोडी झटापट झाली, आणि ते धूड तोंडात काहीतरी लांबलचक धरून मागे सरकत नाहीसं झालं.

"शिकार घेऊन गेला," हेरंब कुजबुजला.

"ब्लॅक अँड व्हाइटमदी पाठ लईच रुंद दिसती," विमलबाई म्हणाल्या आणि आत जाऊन ब्लँकेट पलंगाच्या पेटीत तळाशी कोंबून आल्या.

दहा वाजता सेक्टरच्या बागेला कुलूप लागलं. अकराला वनरक्षक पिंजरा घेऊन आला. पिंजऱ्यात बांधायला बोकड हवा होता, तो मिळेना, तेव्हा ब्रारांच्या फ्रीजमधलं तंदुरी चिकन ठेवलं. साडेअकराला अध्यक्षांची सूचना आली आणि ती हेरंबने वाचून दाखवली: आजची लोहडी रद्द, उद्याचं मराठी लेडीज फंक्शन रद्द, चारपेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमू नये.

"कोन रद्द करनार?" विमलबाईंचा आवाज चढला. "माज्या घरात माज्या बायका!"

"अगं आई, बिबट्या आहे!"

"आमच्या उसात बिबट्याच्या माद्या पिल्लं घालत्यात. कुनी हळदीकुंकू थांबवल्यालं ऐकलंयस?"

खरं सांगितलं तर हळदीकुंकू होणार, पण चोरटीच्या घरी वाण घ्यायला कोण येणार? नाही सांगितलं तर कुणी येणारच नाही. विमलबाई दुपारभर तिळाच्या वड्या थापत राहिल्या आणि प्रत्येक वडी जरा जास्तच जोरात थापली गेली.

तीन वाजता ब्रार स्वतः दारात आले. "सुमेधा जी, आप तो दाँतों की एक्सपर्ट हो. जानवर ने गन्ने पे दाँत मारे हैं. ज़रा देख लो."

सुमेधा निघाली. मागोमाग विमलबाईही निघाल्या.

"माताजी, आप अंदर रहो जी! तेंदुआ है!"

"रहने दो. मैंने बहोत देख्या."

वाफ्याभोवती वनरक्षक, ब्रारबाई आणि काठ्या घेतलेले पाचसात अध्यक्षभक्त उभे होते. सुमेधा गुडघ्यांवर बसली, उसाचं खोड न्याहाळलं, मोजपट्टी लावली. मग तिचा हात थांबला. सालावर दातांची रांग स्वच्छ उमटली होती, आणि वरच्या पुढच्या दाताचा एक कोपरा त्यात नव्हता.

तिने मान वर करून सासूकडे पाहिलं. सासू आभाळाकडे पाहत होती.

"घबराने की बात नहीं," सुमेधा उठून गंभीरपणे म्हणाली. "मादा है. उम्र हो गई है बेचारी की. दाँत घिस गए हैं, जबड़े में जान नहीं रही. एक गन्ना तोड़ने में भी हाँफ गई होगी."

वनरक्षकाने लिहून घेतलं: म्हातारी, अशक्त.

विमलबाईंची नजर आभाळातून खाली आली.

"कुनाच्या जबड्यात जान न्हाई?"

"आई, राहू द्या ना."

"बेचारी कोन? हाँफ्या कोन?"

पदर खोचून त्या वाफ्यात शिरल्या. दुसरा ऊस वाकवला, बुडाशी दात लावले आणि कट्टकन आवाज झाला. उभ्या उभ्या त्यांनी दातांनीच वीतभर साल एका दमात सोलली, पेर चावलं, आणि चोथा अध्यक्षांच्या बुटापासून चार बोटांवर थुंकला.

"वो तेंदुआ मैं है!" त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "मेराच कंबल, मेरेच दाँत. चोरी किया, बोलो क्या बोलना है! लेकिन हाँफ्या नै. और कल मेरा हळदीकुंकू होगाच!"

वनरक्षक वहीतल्या 'प्राणी' या रकान्याकडे बघत राहिला. ब्रारांनी त्या खोडाकडे पाहिलं, मग विमलबाईंच्या तोंडाकडे, आणि नकळत आपली कवळी जिभेने चाचपली.

"माताजी," ते हळूच म्हणाले, "सारे अपने हैं?"

"सगळे!"

"मैं तो जी दस साल से सिर्फ रस पीता हूँ."

ब्रारबाईंना आधी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. संध्याकाळी लोहडी पेटली. शेंगदाणे आणि रेवड्या खाऊन झाल्यावर अध्यक्षांनी सर्वांसमोर एक अख्खा ऊस विमलबाईंच्या हाती दिला आणि पुन्हा एकदा चावून दाखवायची विनंती केली. ती मान्य झाली. अकराच्या चौदा बायका झाल्या, कारण ब्रारबाई दोन जावांना घेऊन येणार होत्या.

विमलबाई घरी येऊन पाहतात तर सुमेधा वाफ्यातून कापून आणलेलं ते चावलेलं खोड पुसत बसली होती.

"तू मुद्दाम म्हनालीस, व्हय? जान न्हाई, बेचारी, आन् काय काय?"

"नाहीतर तुम्ही जन्मात कबूल केलं नसतं."

विमलबाईंनी शोकेसकडे पाहिलं. शार्क, मगर, तरस. त्यांनी तरसाला उचलून खालच्या फळीवर ठेवलं आणि सुनेच्या हातातलं खोड त्या रिकाम्या जागी उभं केलं.

"जनावरं वळखतीस, आता सासूबी वळखाय लागलीस. हुशार हाईस, मी न्हाई म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर ऊस इसरलीस, ती इसरलीसच!"